पावतीवरून पेटलेला रविवार (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सरोदे काकू (ए 104): नारखेडे सर, रागावू नका, पण सकाळी सकाळी परत देणगीची पावती? दिवाळीत टाकली, संक्रांतीला टाकली, आज पुन्हा. वर तो चेक देतानाचा फोटो. देवाला कळलं ना, पुरे.

नारखेडे सर (बी 203): नमस्कार वहिनी 🙏 हेतू एकच. पेन्शनचा दहावा हिस्सा मी देतो हे पाहून आणखी कोणाला द्यावंसं वाटलं तर बरंच. जाहिरात करायची हौस नाही.

सरोदे काकू: हो का. बागेतल्या बाकावर नाव कोणाचं आहे?

नारखेडे सर: बाक मी दिला म्हणून माझं. त्यावर रोज संध्याकाळी कोण बसतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

पाटील आप्पा (सी 301): सरनी सिक्सर मारा 😂😂

कोल्हे साहेब (ए 401): माझं स्पष्ट मत. संस्थेचं नाव टाका, आकडा झाका.

महाजन (खजिनदार): विषय निघालाच आहे तर, मेंटेनन्स बाकी असलेल्यांची नावं टाकू का? तेवढीच प्रेरणा.

चौधरी (सेक्रेटरी): महाजन, आज नको. मागच्या वेळचं आठवतंय ना?

शेखभाई (बी 102): आमच्या कुराणात दोन्ही सांगितलंय. उघड दान दिलं तर चांगलंच, आणि लपवून गरिबाला दिलं तर ते जास्त चांगलं. सरांचं चुकलं असं मला तरी वाटत नाही.

सरोदे काकू: म्हणजे गुप्तच श्रेष्ठ. मी वेगळं काय म्हणतेय?

शेखभाई: वहिनी, त्यातलं पहिलं वाक्यपण वाचा 🙂

नारखेडे सर: आपल्या अमळनेरचंच बघा. ज्यांच्या विप्रोची सुरुवात तिथल्या तेलाच्या कारखान्यातून झाली, ते अझीम प्रेमजी. 2013 मध्ये 'गिव्हिंग प्लेज'वर, म्हणजे बहुतांश संपत्ती दान करण्याच्या जाहीर वचनावर सही करणारे पहिले भारतीय तेच. ते पत्र आजही कोणालाही वाचता येतं. त्यांना गुपचूप देता आलं नसतं? आणि प्रताप शेठजी! 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं त्यात त्यांचा पैसा. कॉलेजला त्यांचं नाव आहे. त्या नावामुळे कोणाचं शिक्षण अडलं?

सरोदे काकू: प्रेमजी दर सणाला आमच्या ग्रुपवर पावती टाकत नाहीत.

पाटील आप्पा: मन्हा सासरानी विप्रोना शेअर इकात नि म्हैस लिधी. म्हैस मरी गयी, शेअर वाढीच राह्यनात 😭

कोल्हे साहेब: मूळ मुद्दा राहतोय. संस्थेचं नाव टाका, आकडा झाका.

ऋतुजा झोपे (ए 302): कोल्हेकाका, आकडा झाकला तर निम्मा उपयोग जातो. अमेरिकेतल्या एका रेडिओ स्टेशनला देणगी द्यायला फोन करणाऱ्यांना 'आधीच्या एकाने 300 डॉलर दिले' असं सांगून पाहिलं. काहीच न सांगितलेल्यांपेक्षा त्यांनी सरासरी 12 टक्के जास्त दिले. झुरिच विद्यापीठातही असाच प्रयोग झाला होता. सेमिस्टरची फी भरताना काही मुलांना सांगितलं की 64 टक्के मुलं मदतनिधीला पैसे देतात, काहींना सांगितलं 46 टक्के. 64 ऐकलेल्यांपैकी थोड्या जास्त मुलांनी दिले. फरक लहान होता, पण होता.

सरोदे काकू: झुरिचची पोरं आणि जळगावची माणसं एकच का गं?

महाजन (खजिनदार): जळगावच्या माणसांना 64 सांगितलं तर म्हणतील, चला, आपलं त्यातच भागलं.

ऋतुजा झोपे: 😄 सर, एक महत्त्वाचं. पावतीवर तुमचा पॅन नंबर स्पष्ट दिसतोय, तो आधी झाका. आणि सगळ्यांसाठी, 80जीची, म्हणजे देणगीवरची करसवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वर रोख देऊ नका, ती धरत नाहीत. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (10बीई) मागून घ्या. नवीन करप्रणाली घेतली असेल तर ही सवलतच मिळत नाही.

कोल्हे साहेब: म्हणजे काहीतरी झाकायचंच होतं. मी मघापासून काय सांगतोय?

चौधरी (सेक्रेटरी): गेटसमोर एमएच 19 पांढरी गाडी कोणाची? टँकर बाहेर उभा आहे.

सरोदे काकू: पावतीचं सोडा हो. माझा जीव त्या फोटोत अडकलाय. आपल्या गेटवरच्या सुपडूभाऊंच्या मुलीने मान खाली घातलीय त्यात. नर्सिंगला जाणारी पोर ती. वर्गातल्या मुलींनी हा फोटो पाहिला तर तिला काय वाटेल?

नारखेडे सर: वहिनी, विचारूनच काढला. सुपडूभाऊ हो म्हणाले.

सरोदे काकू: फी देणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणेल सर?

भाग्यश्री वहिनी (सी 202): अहो, सुपडूभाऊ याच ग्रुपवर आहेत. मोटरच्या वेळा कळाव्यात म्हणून उन्हाळ्यात त्यांना घेतलं होतं.

सुपडूभाऊ (गेट): टँकर उभा हाये. पांढरी गाडी काढा. मोटर दहाला चालू करतो.

नारखेडे सर: हा मेसेज हटवला आहे

नारखेडे सर: फोटो काढला. पावती पॅन झाकून परत टाकतो. ती मात्र काढणार नाही.

सरोदे काकू: पावतीला मी कुठे काय म्हटलं?

पाटील आप्पा: काकू 🙏😂

शेखभाई: सर, ती संस्था धुळ्याचीच ना? खात्याचे तपशील मला वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर नको.

चौधरी (सेक्रेटरी): हा विषय इथे थांबवू या. पुढच्या रविवारी गच्चीवर भरीत पार्टी. वर्गणी ऐच्छिक. नाव आणि रक्कम लिहून यादी पुढे न्या.
1. चौधरी 500

महाजन (खजिनदार):
1. चौधरी 500
2. महाजन 500

सरोदे काकू:
1. चौधरी 500
2. महाजन 500
3. सरोदे 1001
वांगी बामणोदचीच आणा. गेल्या वर्षीची निम्मी बियांनी भरलेली निघाली. आणणारे कोण होते ते सांगत नाही.

पाटील आप्पा: वांगा मी लयनू व्हतू. आते काड्यासुद्धा तुम्हीच आना.

नारखेडे सर:
1. चौधरी 500
2. महाजन 500
3. सरोदे 1001
4. नारखेडे 1100

सरोदे काकू: बघा. बघा सगळ्यांनी.

कोल्हे साहेब: नाव टाका, आकडा झाका.

महाजन (खजिनदार): साहेब, झाकून का होईना, भरा. तुमचा डिसेंबरचापण बाकी आहे.