थाई बाजारात ‘साळ’ म्हणजे गहू! स्वयंपाकघरातल्या शब्दांची चर्चा

बँकॉकला येऊन आम्हाला 9 वर्षं झाली. इथल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर आपले रोजचे पदार्थ कसे करायचे, ते नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत लिहून ठेवतेय आणि दर दोन ओळींनी एखाद्या नावापाशी अडतेय. पदार्थ जमतो, शब्द जमत नाही. म्हणून ही चर्चा सुरू करते.

पहिली अडचण पिठाची. आल्या वर्षी गणपतीत उकडीचे मोदक करायचे होते. थाई अक्षरं नुकती वाचता येऊ लागली होती. दुकानात एका पाकिटावर ‘पॅंग सालि’ असं वाचलं. ‘पॅंग’ म्हणजे पीठ हे माहीत होतं आणि ‘सालि’ म्हणजे शालि, आपली साळ, असं मनात पक्कं धरून ते तांदळाचं पीठ म्हणून घरी आणलं. उकड काढायला घेतली तर पातेल्यात खळ तयार झाली. तो मैदा होता. थाई भाषेत ‘खाव-सालि’ म्हणजे गहू!

दुसऱ्या दिवशी ‘खाव’ हा शब्द बघून पाकीट घेतलं, कारण खाव म्हणजे तांदूळ. पण त्यावर पुढे ‘निआव’ होतं. खाव-निआव म्हणजे चिकट तांदूळ, इथे आंब्याबरोबर खातात तो. त्याच्या उकडीची पारी दिसली छान, कळ्याही पडल्या, पण वाफेवर ठेवल्यावर मोदक बसले आणि एकमेकांत मिसळले. तिसऱ्या खेपेला ‘पॅंग खाव-चाव’ मिळालं आणि बाप्पाला नैवेद्य झाला. खाव-चाव म्हणजे रोजचा, न चिकटणारा तांदूळ. आता मी खाव-चावच्या 2 वाट्यांत चिकट पिठाचा 1 मोठा चमचा घालते, पारी अजिबात चिरत नाही. आंबेमोहोराची पिठी नसली तरी चालतं.

मला विचारायचंय ते असं: या दोन पिठांना मराठीत काय म्हणावं? ‘चिकट तांदळाचं पीठ’ लिहिलं तर वाचणाऱ्याला आपला नवा, गिचका होणारा तांदूळ आठवेल, आणि हे प्रकरण त्याहून फार वेगळं आहे. आणि ‘सालि’ गव्हाकडे गेला कसा?

डोंबिवलीहून:

ताई, तुमचा तर्क भाषेच्या अंगाने अगदी बरोबर होता, फसवलं ते थाई वापराने. संस्कृत शालि, पाली सालि, मराठी साळ ही एकच ओळ. पाली ही तिथल्या बौद्ध ग्रंथांची भाषा, त्यामुळे थाईत पाली-संस्कृत शब्द भरपूर आहेत. पण भाताला त्यांचा स्वतःचा ‘खाव’ होताच. तेव्हा पाली शब्द मोकळा राहिला आणि बाहेरून आलेल्या धान्याला जाऊन चिकटला असावा. हा माझा अंदाज आहे, तेवढाच धरा.

‘खाव’ मात्र नुसता तांदूळ नाही, त्याचा पसारा धान्य इथपर्यंत जातो. खाव-फोत म्हणजे मका. खाव-फांग म्हणजे ज्वारी, आणि राळ्या-वरीसारखी बारीक भरडधान्यंही त्याच नावात येतात. आपल्याकडे ‘भात’ असाच पसरलेला आहे. कोकणात भात लावतात, झोडतात, भरडतात आणि भातच जेवतात. थाईत प्रत्येक अवस्थेला पुढे एक शब्द जोडतात: सालासकट असेल तर खाव-प्लुएक, सडून तांदूळ झाला की खाव-सान, शिजून ताटात आला की खाव-सुआय. ‘सुआय’ म्हणजे सुंदर. परदेशी पर्यटकांनी भरलेला तो खाओसान रस्ता आहे ना बँकॉकमधला, त्याचं नाव म्हणजे ‘तांदूळ रस्ता’. पूर्वी तिथे तांदळाचा व्यापार चालायचा.

(पहिली लेखिका)

खाव-सुआयबद्दल आभार. हा शब्द मी रोज बोलते आणि त्यातला ‘सुंदर’ कधी जाणवलाच नव्हता.

एक सांगते, थाई शब्द आपल्या लिपीत लिहिले तरी उच्चार अर्धाच पोचतो. सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘खाव’ वरून खाली आणला तर भात, खालून वर नेला तर पांढरा, खालच्याच सुरात ठेवला तर बातमी. मराठी कानाला हे तिन्ही एकच वाटतात. म्हणून बाजारात जाताना मी वस्तूचा फोटो आणि थाई अक्षरांतलं नाव दोन्ही फोनमध्ये ठेवते. भाजीवाल्या मावशी वाचून लगेच हात करतात.

आता पोह्यांचं बघा. इथे ‘खाव-माव’ मिळतात. कोवळा चिकट भात दाणा हिरवा असतानाच काढायचा, भाजायचा आणि कांडून चपटा करायचा. ओलं खोबरं आणि साखर घालून कालवतात. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा आजोळच्या अंगणात, दिवाळीच्या पहाटे खाल्लेले गूळपोहे आठवून डोळे भरून आले. पण कांदेपोहे करायला गेले तर त्यांचा लगदा झाला. मी पाककृतीत ‘खाव-माव’च ठेवलं आणि पुढे ‘कोवळ्या चिकट भाताचे ओले पोहे’ असं लिहिलं. करणी तीच असली तरी ताटात पदार्थ वेगळा होतो, तेव्हा नाव त्यांचंच ठेवावं असं माझं मत आहे.

उलट जिथे झाड तेच आहे तिथे आपलं नाव सोडायचं कारण नाही. इथे ‘फाक-ची’ म्हणजे कोथिंबीर आणि ‘फाक-ची-लाव’, लाओसची कोथिंबीर, म्हणजे चक्क आपला शेपू. ईशान्य थायलंडमध्ये तो माशाच्या कालवणात घालतात. कित्येक मराठी मंडळी इथे शेपू मिळत नाही म्हणतात, कारण ते तो कोथिंबिरीच्या नावाखाली शोधत नाहीत. मुगाची डाळ ‘थुआ-थॉंग’ या नावाने मिळते, अर्थ सोनेरी कडधान्य. शेपू आणि मूगडाळ, दोन्ही कोपऱ्यावरच्या बाजारातून, आणि घरात तोच वास.

उडदाचं मात्र जपून. ‘थुआ-दाम’ म्हणजे शब्दशः काळं कडधान्य, पण ते चवळीच्या जातीचं, नारळाच्या दुधात गोड करून खातात. उडदाला ‘थुआ-खिआव-फिउ-दाम’ म्हणतात, म्हणजे काळ्या सालीचे मूग. तूरडाळ आणि कणीक यांसाठी फाहुरातला जावंच लागतं. राजा चुलालोंगकॉर्न यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीच्या नावावरून त्या रस्त्याला नाव मिळालं, आणि आज तो भारतीयांचा बाजार आहे. कढीपत्ताही तिथेच ताजा मिळतो.

मालवणहून, पूर्वी सोंगखलात वास्तव्य:

दक्षिण थायलंडचं सांगतो. तिकडे ‘सोम-खॅक’ नावाची वाळवलेली फोडं मिळतात, तपकिरी, वाकडी. माशाच्या आंबट कालवणात टाकतात. ‘सोम’ म्हणजे इथे आंबट, आणि ‘खॅक’ म्हणजे पाहुणा. पण हाच खॅक शब्द भारतीयांना, मलायांना, अरब-इराण्यांनाही लावतात. सिलोम रस्त्यावरच्या मारीअम्मन देवळाला सगळे ‘वात-खॅक’ म्हणतात. तर सोम-खॅक म्हणजे पाहुण्यांचं आंबट, आणि झाड आपल्या रातांब्याच्या गणातलं. बांगड्याच्या तिकल्यात 2 फोडं पुरतात, आंबटपणा सोलांपेक्षा जास्त आहे.

पण याला कृपा करून ‘आमसूल’ लिहू नका. आमच्याकडे झाडावरचं फळ रातांबा, वाळवलेली साल म्हणजे सोलं किंवा आमसूल, आणि त्याला आमसुलाचा लाल रंग असायलाच हवा. सोम-खॅकची कढी पांढरीच राहते, तिला सोलकढी कशी म्हणणार? ‘सोलांच्या जातीचं थाई आंबट’ म्हणा.

आणि एक शब्द, मला फार आवडलेला. नारळ खवायची त्यांची जुनी बैठी खवणी असते, पुढे लोखंडी दाते आणि मागे बसायला लाकडी पाट, बिनपात्याच्या आपल्या आडाळीसारखी, म्हणजे विळीसारखी. तिला म्हणतात ‘क्राताय’, म्हणजे ससा. ‘ससा काढ, नारळ खवायचाय’ असं घरात बोलतात. आता बाजारात यंत्रावर खवून देतात, तिथेच दाबून ‘काथि’, म्हणजे नारळाचं दूध, पिशवीत भरून देतात. माझ्या आईला तो बाजार दाखवला तेव्हा ती त्या यंत्रापाशी पाऊण तास उभी होती.

चियांग माईहून:

काकू, मी बाळंतपणाचे शब्द आणलेत. माझी मुलगी इथेच झाली. आईला विसा मिळायला उशीर झाला, तेव्हा अळीव आणि बाळंतशोपा कुठून आणायच्या हा प्रश्न होता. किराणा दुकानात कुणाला कळेना. शेवटी थाई जडीबुटीच्या दुकानात एका वयस्कर बाईंनी पाच बरण्या माझ्यासमोर ओळीने मांडल्या. या पाचांना ‘थिआन’ म्हणतात, त्यांच्या वैद्यकातला हा ठरलेला गट आहे. थिआन-दाम, काळं, म्हणजे कलौंजी. थिआन-डॅंग, लाल, म्हणजे अळीव! थिआन-खाव, पांढरं, म्हणजे जिरे. थिआन-खाव-प्लुएक, साळीच्या दाण्यासारखं दिसणारं, म्हणजे बडीशेप. आणि थिआन-ता-ताक्कातॅन, ‘नाकतोड्याचा डोळा’, म्हणजे शेपूचं बी, आपल्या बाळंतशोपा. आपण त्या बियांना बाळंतिणीच्या नावाने ओळखतो, ते नाकतोड्याच्या डोळ्याने. बी तेच. अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि नारळाचा गूळ घालून केले.

स्वयंपाकातलं जिरं ‘यि-रा’ म्हणून मागितलं तर घोटाळा होतो. तो शब्द तिकडे इतरही काही बियांना आणि एका तुळशीच्या जातीच्या पानालाही लावतात. मी थिआन-खावच म्हणते.

हिंगाचं नाव ‘महाहिंग’. ऐकून मी आनंदाने औषधाच्या दुकानात गेले तर हातात बाटली आली. तो अर्क बाळाच्या पोटावर चोळायचा असतो, वात धरू नये म्हणून. फोडणीत घालायचा नाही हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पण बेंबीभोवती हिंग लावणारी माझी आजी आणि ती बाटली देणारी औषधवाली मुलगी एकच गोष्ट सांगत होत्या.

(पहिली लेखिका)

अळिवाचं वाचून मी आजच ते दुकान शोधायला निघतेय. तुझ्या लेकीला आशीर्वाद.

मालवणचे दादा म्हणतात ते पटलं, सोम-खॅकपुढचा ‘आमसूल’ खोडला. गुळाबद्दल तुम्हा दोघांचं मत हवंय. इथे साखरेला ‘नाम-तान’ म्हणतात. ‘नाम’ म्हणजे पाणी आणि ‘तान’ लिहिताना शेवटी ल आहे, ताल, म्हणजे ताड. शब्दाच्या शेवटी ल आला की थाईत न उच्चारतात. साखरेचं नावच ताडाचा रस! पेचबुरीकडची ताडाची, समुत सोंगख्रामची नारळाची. मऊ गोळ्याच्या रूपात विकतात. पुरणात घातली तर पुरण सैल पडतं, म्हणून मी डाळ आधी चांगली निथळून घेते आणि पुरण जास्त वेळ आटवते. यातल्या नारळाच्या साखरेला मी ‘माडाचा गूळ’ लिहिलंय. कोकण-गोव्यात हा शब्द जिवंत आहे, वस्तूही तीच आहे. उसाच्या गुळाशी गल्लत होऊ नये म्हणून ‘माडाचा’ कधी गाळायचा नाही, एवढं पाळते.

मिरचीबाबत दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या हेही बघा. मिरची अमेरिका खंडातून आली. आपण ती मिऱ्यावरून ओळखली, मिरी तशी मिरची. थाईत ‘फ्रिक’ हा मिऱ्याचा शब्द मिरचीने पूर्ण घेऊन टाकला आणि मिऱ्यांना आता ‘फ्रिक-थाय’, थाई मिरची, म्हणावं लागतं.

गवती चहाला माझं ठाम उत्तर आहे. ‘ताख्राय’ म्हणजे गवती चहाच. पण आपण पात चहात टाकतो आणि बुंधा फेकतो, इथे बुंधा ठेचून कालवणात घालतात आणि पात टाकून देतात. म्हणून ‘गवती चहाचा बुंधा’ असं लिहायचं. ‘लेमनग्रास’ लिहिलं तर गावाकडच्या परसात उभं असलेलं झुडूप वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही.

‘डॉक-खॅ’ म्हणजे हादग्याची फुलं. गेल्या शनिवारी पाक ख्लोंगच्या बाजारात पाट्यांमध्ये पांढरी रास दिसली. भाजीवाल्या मावशी मधला कडू केसर काढून टाक असं खुणेने सांगत होत्या, माझी आईही तो असाच काढायची. याला मी दुसरं नाव लिहूच शकत नाही.

आता अडलेला शब्द. ‘ताम्लुएंग’ म्हणजे तोंडलीचा वेल. पण इथे तोंडली सहसा कुणी खात नाही, कोवळा पाला खातात, खिम्याच्या गोळ्यांबरोबर साध्या पातळ सारात. मी बाजारात तोंडली मागितली की लोक पाल्याची जुडी देतात. वेलावरून खुडलेल्या त्या पाल्याला आपल्याकडे कुठे वेगळं नाव आहे का? विदर्भात, खानदेशात, गोव्यात, कुणाच्या आजीने त्याची भाजी केली असेल तर तिचा शब्द इथे लिहा. पाककृती तयार आहे, वरची ओळ कोरी ठेवलीय.