प्रतिसाद: घोडनदीकाठची जुनी शेती
घोडनदीच्या खोऱ्यात पाटपाणी धरणानंतरच आले, असे विधान चर्चेत केले गेले; त्याला छेद देणारी इनामगावची पुस्ती जोडणे मला अगत्याचे वाटते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील या गावाजवळ डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीच्या (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या प्राचीन ग्रामसंस्कृतीच्या) शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट आणि घातलेला बांध उजेडात आला. पर्जन्यछायेतल्या त्या काळ्या जमिनीत सातू हे त्यांचे मुख्य पीक होते; जोडीला गहू आणि मसूरही असे. पुढे उत्तर जोर्वे काळात, म्हणजे या संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, चौकोनी, प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. अवर्षण हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते, आणि मला ते पटते.