शब्दचर्चा: सेवा ‘उपलब्ध’ आहे, पण ‘आवाक्यात’ आहे का?

धागा
पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत वाटायला आरोग्यहक्कांवर चार पानी पत्रक लिहिते आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात ‘अ‍ॅक्सेस’ आणि ‘इक्विटी’ ओळीओळीला येतात. सरकारी मराठीत पहिल्याला ‘उपलब्धता’ आणि दुसऱ्याला ‘समानता’ म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाहीत. घरकाम करणाऱ्या बायकांना वाचताक्षणी कळतील असे शब्द सुचवा.

प्रतिसाद
ताई, ‘उपलब्ध’ म्हणजे वस्तू जागेवर आहे, एवढंच. महापालिकेचा दवाखाना हाकेच्या अंतरावर असला, केसपेपर नाममात्र पैशांत निघाला, गोळ्याही फुकट मिळाल्या, तरी ओपीडी सकाळची. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी रांगेत थांबली की तिचा खाडा होतो. खाड्याचे पैसे कापले जातात, आणि खाडे वाढले की त्या घरचं कामच सुटतं. रक्तदाबाच्या गोळ्या तर कायमच्या, म्हणजे दर महिन्याला खाडा ठरलेला. मग ती मध्येच गोळ्या सोडते, आणि लोक म्हणतात, या बायकांना आरोग्याची जाणीवच नाही. हे ऐकलं की मला राग येतो. सेवा मोफत आहे, तिच्या आवाक्यात नाही. ‘आवाक्यात’ हाच शब्द घ्या. अंतर, पैसा, वेळ आणि अंगातलं बळ, चारही त्यात येतात.

प्रतिसाद
‘आवाक्यात’ वाक्यात चपखल बसतो, पण नाम हवं तिथे अडतं. नुसता ‘आवाका’ म्हणजे कुवत किंवा व्याप्ती. तिथे ‘पोहोच’ वापरा, फक्त विभक्ती जपून. ‘आरोग्यसेवेपर्यंत लोकांची पोहोच’ म्हटलं की चालत जायचं ओझं लोकांवर पडतं. शिवाय ‘वरपर्यंत पोहोच’ म्हणजे वशिला, हा अर्थही जवळच उभा असतो. ‘आरोग्यसेवेची लोकांपर्यंत पोहोच’ लिहिलं की जबाबदारी सेवेवर येते. आशाताई दारात येते ती याच अर्थाने.

प्रतिसाद
‘इक्विटी’साठी ‘न्याय्य वाटा’ किंवा ‘गरजेप्रमाणे’. आपल्या ग्रामीण आरोग्ययंत्रणेच्या निकषातच उदाहरण आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. हडपसरच्या पलीकडच्या सपाटीला आणि वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांना एकच आकडा लावला असता तर ते समान झालं असतं, न्याय्य नाही. उपकेंद्र उघडलं आणि नर्सबाईंची जागा रिकामी राहिली, तर मात्र आकडा कागदावरच. म्हणून पत्रकात ‘दवाखाना असणे’ आणि ‘दवाखाना चालू असणे’ वेगळं लिहा.

प्रतिसाद
वरच्यांशी सहमत, पण ‘समानता’ला कमी लेखू नका. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. संधी समान व्हायची असेल तर वाटा गरजेप्रमाणे द्यावा लागतो. दोन्ही शब्द ठेवा.
‘सार्वजनिक आरोग्य’बद्दलही एक. हल्ली त्याचा अर्थ ‘सरकारी दवाखाना’ इतकाच उरलाय. पिण्याचं पाणी, मैला, डास, लसीकरण, साथीची नोंद, सगळं त्यात येतं. २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा चर्चा विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याची झाली, ती याचमुळे. आणि १८९७च्या प्लेगमध्ये घरं धुंडाळणारे गोरे सोल्जरही पुण्याने पाहिले, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाईही पाहिल्या. ‘सार्वजनिक’ शब्द मला दुसऱ्या बाजूचा वाटतो.

धागाकर्ती
मनापासून आभार. ‘आवाक्यात’, ‘गरजेप्रमाणे वाटा’ आणि ‘खाडा’ घेतले. एक अडचण उरली: धर्मादाय रुग्णालयांच्या पानावर ‘निर्धन रुग्ण’ हा शब्द खटकतो. बदलू का?

प्रतिसाद
बदलू नका. कायद्यातला शब्द तोच आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, अशी तरतूद आहे. बाईने खिडकीवर ‘गरिबांसाठी काही आहे का?’ असं विचारलं तर नुसती मान हलवतील. ‘निर्धन रुग्णांच्या राखीव खाटेसाठी वैद्यकीय समाजसेवकांना भेटायचंय’ हे वाक्य जसंच्या तसं, ठळक अक्षरात छापा. खाली लागणारी कागदपत्रंही द्या: उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार.