मदत हवी: टायट्रेशनच्या व्हिडिओत आवाज मागे पडतोय, सोमवारी पहिली बॅच आहे

गुलाबी_थेंब
एस.वाय.च्या मुलांसाठी टायट्रेशनचा (एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याचं प्रमाण काढायचं, तो प्रयोग) व्हिडिओ केलाय. सुरुवातीला सगळं बरोबर आहे. पण शेवटी मी "थांबा, रंग आला" म्हणते, तोवर पडद्यावरचा फ्लास्क गडद गुलाबी झालेला असतो. एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलतो ती थांबायची वेळ, एका थेंबाचा असतो हो, मुलं चुकीचंच शिकतील! तीनदा एक्स्पोर्ट केलं, तरी तेच. लवकर सांगा.

खटपट्या
शूट कशावर केलं? एडिटर कुठला? व्हिडिओ किती मिनिटांचा?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
मुळात प्रॅक्टिकल व्हिडिओवर शिकवूच नये. ब्युरेटची (द्रावण सोडायच्या खुणांच्या नळीची) तोटी डाव्या हाताने कशी धरायची ते हातात ब्युरेट घेतल्याशिवाय येत नाही.

गुलाबी_थेंब
सर, प्रॅक्टिकल होणारच आहे. एका बॅचला २० मुलं असतात, मागच्यांना फ्लास्क दिसत नाही, म्हणून आधी बघून या म्हणणार आहे.
शूटिंग मोबाइलवर. ४८ मिनिटं. एडिटर लॅपटॉपवरचा, फुकटचा आहे.

सहा_मिनिटे
४८ मिनिटं कोण बघणार? २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा मोठा अभ्यास झाला, ६९ लाख वेळा बघितल्याच्या नोंदी तपासल्या. ६ मिनिटांपुढे मुलं टिकत नाहीत. तुकडे करा. ब्युरेट धुणं-भरणं एक, रीडिंग घेणं दुसरा, एंड पॉइंट तिसरा.

खटपट्या
तुकडे केले तरी आवाज मागेच राहील, आधी ते सुटू दे. मूळ फाइल मोबाइलवर नीट दिसते का?

गुलाबी_थेंब
हो, मोबाइलवर एकदम नीट. हे आधी सांगायला हवं होतं का?

खटपट्या
हो मॅडम, सगळं त्यातच आहे. उजेड कमी झाला की मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम (सुटी चित्रं) घेतो, म्हणजे फ्रेमचा दर बदलत राहतो. बरेच एडिटर तो कायम ३० धरतात. चित्र जरा जरा पुढे पळतं, ४८ मिनिटांत दोनेक सेकंदांचा फरक साठतो.
हँडब्रेक नावाचं व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० करा आणि खाली 'पीक' ऐवजी 'कॉन्स्टंट' निवडा. मूळ फाइल त्यातून काढून मग एडिटरमध्ये घ्या. एक्स्पोर्ट केलेली नको, मूळच.

रानवाट
आमच्या वेळी दूरदर्शनवर यूजीसीचा कंट्रीवाइड क्लासरूम लागायचा, १९८४ पासून. सगळं इंग्रजीत आणि मागे नेऊन बघायची सोय नाही. तुम्ही मराठीत सांगताय ना? जरूर सांगा.

घाटमाथा
ट्रायपॉड घ्या, हात हलणार नाही.

सहा_मिनिटे
हात हलतो असं कोण म्हणालं?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
करताच आहात तर फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा आणि मोबाइलचा व्हाइट बॅलन्स लॉक करा. नाहीतर मोबाइल स्वतःच रंग बदलतो आणि फिनॉल्फ्थॅलिनची (गुलाबी होणाऱ्या दर्शकाची) फिकी छटा दिसतच नाही.

गुलाबी_थेंब
टाइल नव्हती! एंड पॉइंटचा भाग उद्या लॅब उघडून परत घेते, तेवढाच वेगळा, पाच मिनिटांचा. बाकीची फाइल हँडब्रेकला लावलीय. शेवटची दहा मिनिटं आधी करून पाहिली, आवाज जुळतोय.
मुलांना पाठवू कशी? व्हॉट्सअ‍ॅप फार धूसर करतं.

खटपट्या
डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते, धूसर होत नाही. ज्यांचा डेटा कमी आहे त्यांना यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाकून लिंक द्या, हव्या त्या दर्जात बघतील.