मुंबई महानगर प्रदेशातल्या नऊ महापालिकांचे जमाखर्च एका तक्त्यात आणायचेत : फॉर्म पाठवायचा की तेरीज मागायची?

रकानापूर्ती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर आणि पनवेल अशा नऊ महापालिकांच्या उत्पन्न-खर्चाची २०१५-१६ पासूनची मालिका करायची आहे. एकमेकांशी ताडून पाहता येईल अशी. पुढच्या टप्प्यात आसपासच्या नगर परिषदा आणि जिल्हा परिषदाही घ्यायच्या आहेत.

सध्याची पद्धत जुनीच. एक्सेलचा नमुना लेखा विभागांना ईमेलने जातो, भरून आला की हाताने जोडणी. एकाच वर्षाचे तीन-तीन आकडे येतात, कोणी लाखात देतं, कोणी हजारात, आणि न बसणारं सगळं ‘इतर’ या रकान्यात जातं. आता पोर्टल करून हाच नमुना ऑनलाइन भरून घ्यावा, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का? पनवेल १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, त्याआधीच्या नगर परिषदेच्या आकड्यांचं काय करायचं, तेही सांगा.

---

खतावणी

पोर्टलवर नमुना चढवला तर चुका त्याच राहतील, फक्त लवकर येतील. ‘इतर’ फुगतो, कारण कोणतं लेखाशीर्ष (हिशेबातलं खातं) तुमच्या कोणत्या रकान्यात बसवायचं हे दर वर्षी वेगळा कारकून आपल्या समजुतीने ठरवतो. ते ठरवण्याचं काम तुमच्याकडे घ्या. महापालिकेकडून फक्त ३१ मार्चची तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या लेखाशीर्षांच्या शिलकींची यादी) मागा, त्यांच्या प्रणालीतून जशी निघते तशी, एकही रकाना न बदलता.

मग जुळणीचा तक्ता करायचा. त्यात संस्थेचा संकेतांक, त्यांचं लेखाशीर्ष, त्याचं वर्णन, तुमचा समान संकेतांक, कधीपासून लागू आणि कधीपर्यंत लागू, हे असावं. शेवटचे दोन रकाने लोक टाळतात आणि तिथेच फसतात. लेखाशीर्षाचा अर्थ मधेच बदलला की आख्खी मालिका गुपचूप वाकते.

समान संकेतांक नव्याने शोधू नका. राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिका (२००४) आहेच. तिच्यात १ ने सुरू होणारं उत्पन्न, २ खर्च, ३ दायित्वं, ४ मत्ता. ११० कर, १२० नेमून दिलेला महसूल व नुकसानभरपाई, १४० फी व वापर आकार, १६० महसुली अनुदानं, २१० आस्थापना, २३० देखभाल-दुरुस्ती. मुंबईचे लेखे सॅप या संगणक प्रणालीत आहेत आणि शीर्षं त्यांची स्वतःची, त्यामुळे तिच्या जुळणीला बाकी आठांपेक्षा जास्त वेळ धरा.

तुमच्या कालखंडातला सगळ्यात मोठा खड्डा जकातीचा. मुंबईत जकात ३० जून २०१७ पर्यंत होती. बाकी ठिकाणी त्याआधीच स्थानिक संस्था कर आला होता आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. दोन्हींच्या जागी राज्याकडून भरपाई सुरू झाली. आता जकात होती ११० मध्ये, भरपाई बसते १२० मध्ये. कोणी सवयीने ती ११० मध्येच ठेवतं, कोणी अनुदान समजून १६० मध्ये टाकतं. तिन्ही आकडे ‘बरोबर’ दिसतात, पण ‘स्वतःचं उत्पन्न’ काढायला गेलात की नऊ महापालिकांची नऊ उत्तरं. जकात, स्थानिक संस्था कर आणि भरपाई यांना तिघांना वेगळे उपसंकेतांक द्या. बेरीज कशी करायची ते वाचणाऱ्याला ठरवू दे.

दुसरा खड्डा मालमत्ता कराचा. उपार्जित लेख्यात (पैसे हाती येण्याआधी, येणे झाले की नोंद) ११० खाली दिसते ती मागणी असते, वसुली नव्हे. थकबाकी ४३१ (येणे रकमा) खाली साठत राहते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकातला ‘प्रत्यक्ष’ मात्र बहुधा रोख जमा असतो. दोन्ही साठवा, पण एकाच रकान्यात कधीच नको. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, तिथे मालिकेवर खूण करून ठेवा. नाहीतर पुढे कोणीतरी ती घट म्हणजे ढिली वसुली असं लिहून मोकळं होईल.

---

शून्यशेष

खतावणी यांच्याशी सहमत. फक्त मुंबईपुरतं थोडं जास्त.

मुंबईचा अर्थसंकल्प एक नाही. ‘अ’, ‘ब’, ‘ई’ (शिक्षण), ‘ग’ (पाणी व मलनिःसारण) असे भाग आहेत आणि बेस्टचा हिशेब वेगळा. शिक्षणाला ‘अ’ मधून अंशदान जातं, बेस्टलाही पैसे जातात. नुसती बेरीज केलीत तर तोच रुपया दोनदा मोजला जाईल. प्रत्येक अंतर्गत हस्तांतरणाला ‘देणारा निधी’ आणि ‘घेणारा निधी’ अशा जोड-खुणा द्या, जोडी जुळली की वजा करा, न जुळलेल्या वेगळ्या यादीत राहू द्या.

तीन आकड्यांचं कोडं सोपं आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज आणि मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे असतात. मुंबईचे २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी वर्तमानपत्रात झळकले, तो अंदाज होता, खर्च नव्हे. म्हणून प्रत्येक आकड्याला चार चिठ्ठ्या हव्यात : आर्थिक वर्ष, दर्जा (अंदाज, सुधारित, तात्पुरता प्रत्यक्ष, लेखापरीक्षित), मूळ कागद, मिळाल्याची तारीख. नवा आकडा आला तर जुना पुसायचा नाही, नवी ओळ टाकायची. मागच्या वर्षी छापलेला तक्ता पुन्हा जसाच्या तसा काढता आला पाहिजे.

आणि आकड्यांआधी संस्थांची यादी. अमेरिकेत दर पाच वर्षांनी, २ आणि ७ ने संपणाऱ्या सालांत, सरकारांची गणना होते. त्यात नव्वद हजारांहून जास्त स्थानिक सरकारं येतात, पैकी ३८ हजारांहून जास्त विशेष कामापुरती. त्यांची पहिली पायरी यादीच असते : ही संस्था स्वतंत्र की दुसऱ्याच्या पोटातली? तिला स्वतःचा अर्थसंकल्प ठरवता येतो का, कर्ज काढता येतं का? आपल्याकडे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि सिडको (नवी मुंबई वसवणारं महामंडळ) यांना हेच प्रश्न विचारावे लागतील. मुंबईतला मेट्रोचा भांडवली खर्च महापालिकेच्या लेख्यात सापडणार नाही. त्यांना स्वतंत्र ओळ द्या, नाहीतर ‘शहरावर दरडोई खर्च’ हा आकडा काढूच नका.

पनवेलसाठी : जुन्या नगर परिषदेचा संकेतांक ३० सप्टेंबर २०१६ ला बंद, महापालिकेचा दुसऱ्या दिवसापासून सुरू, आणि मधे ‘वारस’ असा दुवा. हद्दीत आलेल्या ग्रामपंचायतींनाही तसाच. २०१६-१७ हे वर्ष दोन तुकड्यांतच ठेवा. सबंध वर्षाचा आकडा अंदाजाने शिवू नका.

---

नमुना_आठ

वर दोघांनीही तेरीज वेळेवर आणि नीट मिळते असं गृहीत धरलंय. महापालिकांचं ठीक आहे. लहान नगर परिषदांत रोजची नोंद रोख पद्धतीची, आणि उपार्जित लेखे वर्ष संपल्यावर बाहेरचे सनदी लेखापाल बसून तयार करतात. तिथे वर्ष संपताच तेरीज मागणं म्हणजे हवेतले आकडे मागणं. त्यांच्याकडून वर्षातून एकदाच, लेखे तयार झाल्यावर घ्या, आणि तुमच्या त्या जुन्या नमुन्यातले पंधरा-वीस रकाने ठेवा. म्हणजे फॉर्म पूर्ण मोडीत काढू नका, आखडता घ्या.

आधी जे जाहीर आहे ते उचला. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्यामागच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन असणं ही अनुदानाची अट होती. शहरांचे सिटीफायनान्स या पोर्टलवर, ग्रामपंचायतींचे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर. जे आधीच कुठेतरी भरलंय तेच पुन्हा मागितलं की माणूस कंटाळून मागच्या वर्षीचाच आकडा चिकटवतो.

जुन्या पीडीएफचं सांगतो, कारण २०१५-१६ म्हटलंत. श्री-लिपी किंवा डीव्हीबी योगेश या युनिकोडपूर्व फॉन्टमधली फाइल कॉपी केली की रोमन अक्षरांचा कचरा येतो. फॉन्टनुसार परिवर्तक लागतो. स्कॅन असेल तर किमान ३०० डीपीआय, तक्त्याच्या उभ्या-आडव्या रेघा आधी पुसायच्या, मग टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर). तरीही १ चा ९ होतो. त्याला उपाय एकच, आडवी आणि उभी बेरीज छापील बेरजेशी ताडणं. एक्सेल देवनागरी आकड्यांना मजकूर समजतं, बेरीज शून्य दाखवतं आणि तक्रारही करत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं इंट() देवनागरी आकडे वाचतं, पण ‘१२,३४,५६७’ मधल्या स्वल्पविरामाला अडतं, ते आधी काढा. ‘निरंक’ म्हणजे शून्य. कोरा रकाना म्हणजे माहिती नाही. या दोन्हींत गल्लत झाली की सरासरी गेली.

नावावरून जोडणी करूच नका, केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा संकेतांक वापरा. ‘ऱ्य’ दोन वेगळ्या प्रकारे टंकला जातो, डोळ्याला सारखाच दिसतो, संगणकाला नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही ते जुळवत नाही. शिवाय नावं बदलतात : धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. गट ग्रामपंचायतीत एका संकेतांकाखाली अनेक गावं असतात, म्हणून जनगणनेच्या गावांशी थेट एकास-एक जोडणी धरू नका.

जिल्हा परिषदांपर्यंत जाल तेव्हा राज्याची बाजूही लागेल. राज्याच्या अर्थसंकल्पातलं मुख्य शीर्ष ३६०४ (स्थानिक संस्थांना भरपाई व नेमून दिलेल्या रकमा) पुरेसं नाही. प्राथमिक शिक्षकांचे पगार २२०२ (सर्वसाधारण शिक्षण) खालून, उद्दिष्ट ३६ (सहायक अनुदाने, वेतन) म्हणून जातात. उद्दिष्ट ३१ (वेतनेतर अनुदाने) आणि ३५ (भांडवली मत्तेसाठी अनुदाने) पण चाळा. आणि मार्च अखेरीला कोषागारातून काढलेली रक्कम संस्थेच्या वहीत एप्रिलमध्ये दिसते. तो फरक खोडून जुळवू नका, ‘मार्गस्थ अनुदान’ अशी ओळ ठेवा.

---

रकानापूर्ती

तिघांचेही आभार. दोन शंका. लाख-हजाराची चूक आपोआप पकडता येईल? आणि वेळेवर न देणाऱ्यांचं काय करायचं?

---

खतावणी

पहिली येते. त्याच शीर्षाला मागच्या वर्षाच्या आकड्याने भागा. उत्तर १०० च्या किंवा ०.०१ च्या आसपास आलं तर लाख-हजार किंवा कोटी-लाख. १,००० आलं तर रुपये-हजार. एकाच फाइलमधल्या बहुतेक शीर्षांना सारखंच गुणोत्तर दिसलं तर एकक चुकलंय. एखाद्याच शीर्षाला दिसलं तर नोंद चुकलीय किंवा खरंच काही घडलंय, तिथे फोन करा. फाइल स्वीकारतानाच नावे आणि जमा बाजू पैशापर्यंत जुळते का तेही बघा, न जुळली तर आत घेऊच नका.

---

नमुना_आठ

दुसरीला स्मरणपत्रं कामाची नाहीत. राज्य कर्मचाऱ्यांचा सर्वंकष माहितीकोष दर वर्षी १ जुलै या संदर्भ दिनांकाचा भरला जातो, कारण माहिती दिल्याचं प्रमाणपत्र जोडलं नाही तर वेतन देयक अडतं. तुमच्या हातात असा खिळा नसेल तर निदान उलट माल द्या : तेरीज आली की आठवड्याभरात त्या महापालिकेला बाकी आठांशी तुलना केलेलं एक पान पाठवा. लेखा अधिकाऱ्याला ते आयुक्तांपुढे ठेवता येतं. ज्यांची तेरीज आली नाही त्यांची ओळ त्या पानावर कोरी ठेवा, निरंक नव्हे.