तुम्ही काय ऐकता हे जगाला कशाला दाखवता?

पेठेतला_श्रोता:
डिसेंबरात सगळे आपापलं स्पॉटिफाय रॅप्ड, म्हणजे वर्षभर काय ऐकलं त्याचा गोषवारा, मिरवतात, ते एक वेळ ठीक. माझा आक्षेप लास्ट एफएम या ऐकण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवरच्या उघड्या प्रोफाइलला आहे. एकदा प्लेअर जोडला की प्रत्येक गाणं वेळेसकट नोंदलं जातं, अगदी फोनमधली स्वतःची फाइल वाजवली तरी. माझ्या भाच्याचं प्रोफाइल बघितलं. रोज पहाटे ३ वाजता तीच विरहगीतं! पोराचं फिसकटलंय हे ताईच्या आधी मला कळलं. त्याच्या ऑफिसातल्यांना कळायला कितीसा वेळ?

डेक्कन_क्वीन:
काका, भाच्याच्या प्रोफाइलमध्ये डोकावलात तुम्ही आणि दोष वेबसाइटला? :) मला अर्ध्या मैत्रिणी अशा याद्यांमुळेच मिळाल्यात. ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन अलीकडचं ऐकणं लपवावं.

पेठेतला_श्रोता:
डोकावलो नाही, त्यानेच लिंक पाठवली होती. बरं, कॉपीराइटचं काय? २००९ मध्ये यू२ या रॉक बँडचा अल्बम प्रकाशनाआधीच फुटला. तो ऐकणाऱ्यांची माहिती लास्ट एफएमने अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेला दिली, अशी बातमी आली. लास्ट एफएमने साफ इन्कार केला. नसेलही दिली. पण बाजारात न आलेल्या अल्बमची नोंद आपल्याच हाताने आपल्या नावावर, हा शहाणपणा कुठला?

वकिली_चष्मा:
यादी हा फार तर सुगावा, गुन्हा नव्हे. आपल्या १९५७च्या कायद्यात खाजगी वापराला कलम ५२मध्ये सवलत आहे. कलाकाराच्या हक्कांपुरतं बोलायचं तर स्वतःसाठी केलेलं ध्वनिमुद्रण कलम ३९मध्ये बसतं. म्हणजे सवाईच्या मांडवात शालीखाली टेप लपवून केलेलं रेकॉर्डिंग (आयोजकांची मनाई हा वेगळा विषय) घरी ऐकलंत, तर पोलीस येणार नाहीत. त्याची लिंक वाटत सुटलात की मात्र ही ढाल गेली.

डेक्कन_क्वीन:
म्हणजे निम्म्या पुण्याच्या हार्डडिस्क धोक्यात!

जुनी_कॅसेट:
हसू नका. एका मित्राने घरगुती बैठकीचं रेकॉर्डिंग दिलं होतं. फाइलला त्याने नाव दिलेलं, '१९८७, कुणालाही देऊ नये'. मी ते कंप्युटरवर लावलं आणि ते नाव जसंच्या तसं माझ्या प्रोफाइलवर झळकलं. तीन दिवस! चौथ्या दिवशी मित्राचाच फोन. अजून धड बोलत नाही.

वकिली_चष्मा:
अरेरे. राग कोणता होता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.