न्यू जर्सीत मृत्युपत्रासाठी वकील: कसा शोधायचा, काय विचारायचं?

सईची_आई
नमस्कार. आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. घर आहे, त्याचं कर्ज चालू आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर. नवऱ्याच्या नावावर नाशिकला एक फ्लॅट आहे. इथे रक्ताच्या नात्याचं कोणीही नाही. आम्हा दोघांना एकाच वेळी काही झालं तर मुलं कोणाकडे जातील, या विचाराने झोप उडते.

इंटरनेटवर 'इस्टेट प्लॅनिंग ॲटर्नी' म्हणून ढिगाने नावं येतात. त्यातलं चांगलं कोण हे कसं ओळखायचं? एक वकील म्हणतात ट्रस्टच हवा (म्हणजे मालमत्ता दुसऱ्या कोणीतरी आपल्या माणसांसाठी सांभाळायची व्यवस्था), दुसरे म्हणतात साधं विल पुरे. 'मोफत जेवण आणि ट्रस्टची माहिती' असं पत्रकही घरी आलंय. जावं का?

कंदील
आधी ऑफिसच्या बेनिफिट्समध्ये लीगल प्लॅन (वकिलाच्या खर्चाची योजना) आहे का बघा. बऱ्याच प्लॅनमध्ये विल आणि पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) येतात. सहसा ओपन एनरोलमेंटलाच, म्हणजे बेनिफिट्स निवडायच्या वार्षिक मुदतीतच, घेता येतो. यादीतला वकील मुख्यतः हेच काम करतो का, ते मात्र फोन करून विचारा. घराच्या व्यवहारात हुशार असलेला वकील मुलांच्या ट्रस्टमध्ये हुशार असेलच असं नाही.

नर्मदाकाठ
सईची आई, माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आमचं विल तयार होतं, म्हणून मी हे लिहू शकते. मूळ विल आणि मृत्यूचा दाखला घेऊन मी काउंटीच्या सरोगेट ऑफिसात, म्हणजे जिथे विलाला मान्यता मिळते तिथे, गेले. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय विलाला मान्यता देत नाहीत, तेवढं थांबावं लागलं. सह्या करतानाच वकीलबाईंनी साक्षीदारांचं शपथपत्र जोडून घेतलं होतं, त्यामुळे साक्षीदारांना शोधत फिरावं लागलं नाही. वकील निवडताना हे नक्की विचारा.

मला त्या बाई का पटल्या ते सांगते. पहिल्या भेटीत त्यांनी कागदपत्रांचं नावच काढलं नाही. मुलं कोणाला बिलगतात, भारतात काय आहे, आईवडील कोणावर अवलंबून आहेत, हे विचारत बसल्या. मग म्हणाल्या, ४०१(के) (नोकरीतली निवृत्तीची बचत) आणि विमा विलप्रमाणे सहसा जात नाहीत, त्यांच्या वारस नेमायच्या फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याला जातात. फॉर्म आणून दाखवा. यजमानांच्या एका जुन्या पॉलिसीवर लग्नाआधीचं सासूबाईंचं नाव निघालं. ते तेव्हाच बदललं. ज्या वकिलाला विलाबाहेरच्या गोष्टी विचाराव्याशा वाटतात, तोच धरा.

मुलांचं म्हणाल तर विलात त्यांना सांभाळणारा पालक (गार्डियन) नेमता येतोच. पण आजीआजोबा भारतात असतील तर व्हिसा मिळून ते इथे पोचेपर्यंत मुलं कोणाजवळ राहतील? जवळ राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीचं नाव तात्पुरती पालक म्हणून लिहून घ्या, आणि तिला आधी विचारा. आणखी एक: मुलांचा वाटा थेट त्यांच्या नावावर ठेवला तर १८ पूर्ण होताच सगळी रक्कम त्यांच्या हातात पडते. विलातच मुलांसाठी ट्रस्ट लिहिता येतो, टप्प्याटप्प्याने पैसे देणारा.

करांची भीती घालणाऱ्याला फार महत्त्व देऊ नका. न्यू जर्सीचा इस्टेट टॅक्स (मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेवरचा कर) २०१८ पासून बंद आहे. फेडरल इस्टेट टॅक्समधली सवलत २०२६ मध्ये माणशी दीड कोटी डॉलर आहे. इथला इनहेरिटन्स टॅक्स (ज्याला वारसा मिळतो त्याच्या वाट्यावरचा कर) मात्र अजून आहे. नवराबायको, मुलं, आईवडील यांना तो लागत नाही. भावाबहिणीला २५,००० डॉलरच्या वर ११ टक्क्यांपासून लागतो. बहिणीला काही द्यायचं असेल तर वकिलाला सांगा.

जेवणाच्या सेमिनारला जाऊ नका. तिथे बहुधा सगळ्यांना एकच ट्रस्ट विकतात, तुमची गरज काय हे कोणी विचारत नाही. काउंटी बार असोसिएशनला (वकिलांच्या संघटनेला) फोन करा, ओळखीच्यांना विचारा. परवाना चालू आहे का ते न्यू जर्सी कोर्टांच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. फी ठरावीक आहे की तासावर, हे लेखी घ्या. त्याच कागदात नवराबायको दोघांचा एकच वकील असल्याबद्दल लिहिलेलं असेल. म्हणजे एकाने सांगितलेलं तो दुसऱ्यापासून लपवणार नाही. ते नीट वाचून सही करा.

खाडीकिनारा
कॅलिफोर्नियातून लिहितोय. ट्रस्टबद्दल दोन वकील दोन गोष्टी सांगतात, कारण राज्यागणिक गणित बदलतं. आमच्याकडे प्रोबेटची (कोर्टातून विलाला मान्यता घेऊन मालमत्ता वाटण्याच्या कामाची) फी कायद्यानेच ठरलेली: पहिल्या लाखावर ४ टक्के, दुसऱ्या लाखावर ३, पुढच्या आठ लाखांवर २. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरावर वकिलाचे २३,००० आणि एक्झिक्युटरलाही (विल अमलात आणणाऱ्यालाही) तेवढेच घेता येतात. वर कर्ज वजा न करता, घराच्या पूर्ण किमतीवर! म्हणून इथे घर असलेले बरेच जण लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावावर करतात तो ट्रस्ट, करतात. तुमच्याकडे सरोगेटचं काम इतकं सुटसुटीत असेल तर ट्रस्टची घाई नको. केलात तर घराची डीड (मालकीचा कागद) ट्रस्टच्या नावावर करून देणं फीमध्ये आहे का ते विचारा. ट्रस्ट सही करून कपाटात, घर मात्र जुन्याच नावावर, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

सईची_आई
खूप खूप आभार. तात्पुरत्या पालकाचं डोक्यातच नव्हतं. नाशिकचा फ्लॅट इथल्याच विलात लिहिला तर चालेल का?

नर्मदाकाठ
भारतातल्या स्थावर मालमत्तेला भारताचाच वारसा कायदा लागू होतो, तुम्ही कुठेही राहा. आम्ही तिथल्या वकिलाकडून वेगळं मृत्युपत्र केलं, फक्त तिथल्या मालमत्तेपुरतं. सहीला दोन साक्षीदार लागतात; नोंदणी सक्तीची नाही, पण आम्ही करून घेतली.

इथे एक धोका आहे. विलाच्या पहिल्याच परिच्छेदात बहुधा 'याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द' असं छापील वाक्य असतं. इथलं विल नंतर केलंत तर त्या वाक्याने नाशिकचं मृत्युपत्र उडू शकतं. 'भारतातील मालमत्तेचं मृत्युपत्र वगळून' असं त्यात घालायला सांगा, आणि तिथल्या वकिलालाही अमेरिकेबद्दल तसंच लिहायला सांगा. दोन्ही मसुदे दोन्ही वकिलांना पाठवा, मगच सह्या करा.

आणि मूळ प्रत कुठे आहे ते एक्झिक्युटरला सांगून ठेवा. सरोगेटला मूळ प्रतच लागते, झेरॉक्सवर भागत नाही.